कायपस्सद्धी : शरीराची विश्रांती आणि ध्यानाचे आसन

वर्षावासाच्या काळात विहारांतून जे ध्यानवर्ग चालतात त्यांत एक दृश्य वारंवार पाहावयास मिळते. त्रिशरण-पंचशील ग्रहण झाल्यावर मांडी घालून, पाठ ताठ ठेवून, हालचाल न करता बसण्याची सूचना दिली जाते. तरुण मंडळी तशी बसतात. आयुष्यभराच्या कष्टाने ज्यांचे गुडघे झिजले आहेत अशा वयस्क उपासिका मात्र हळूहळू मागे सरकतात, भिंतीला टेकतात आणि काही दिवसांनी येईनाशा होतात. कारण विचारले तर उत्तर मिळते, "आमच्यानं ध्यान होत नाही." वस्तुतः त्यांच्याने होत नाही ती मांडी, ध्यान होते की नाही, याची परीक्षा अजून झालेलीच नसते.

शरीराला सुखकर वाटेल अशा स्थितीत बसणे, चालणे किंवा पहुडणे ही धम्मसाधनेत दुबळ्यांसाठी दिलेली सवलत आहे काय, की तिला साधनामार्गातच स्थान आहे, या प्रश्नाचा पालि साहित्याच्या आधारे विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

'योग' आणि 'आसन' हे शब्द

२०१५ पासून २१ जून हा दिवस आंतरराष्ट्रीय योग दिन म्हणून पाळला जातो, आणि योग म्हणजे शरीराची आसने हा अर्थ आता सर्वत्र रूढ झाला आहे. पालि भाषेत या शब्दांची छटा वेगळी आहे. तेथे 'योग' म्हणजे एकीकडे बंधन होय. काम, भव, दिट्ठि आणि अविज्जा हे चार योग सांगितले आहेत आणि त्यांपासून मिळणाऱ्या निर्भयतेला 'योगक्खेम' म्हटले आहे. दुसरीकडे याच शब्दाचा अर्थ उद्योग किंवा अभ्यास असाही होतो. म्हणूनच विसुद्धिमग्गात साधकाला 'योगावचर' ही संज्ञा आहे. 'आसन' म्हणजे केवळ बसण्याची जागा. शरीराच्या स्थितीसाठी पालिमध्ये 'इरियापथ' हा शब्द असून चालणे, उभे राहणे, बसणे व पहुडणे असे चार इरियापथ मानलेले आहेत.

सतिपट्ठान सुत्तात आनापानसतीच्या आरंभी मांडी घालून बसण्याचा उल्लेख आहे, हे खरे. परंतु त्याच सुत्तात लगेच पुढे चारही इरियापथांचा विभाग येतो. त्यानंतरच्या संपजञ्ञ विभागात तर पुढे जाणे, मागे वळणे, हात-पाय आखडणे व पसरणे, खाणे-पिणे, झोपणे व जागे होणे या सर्व क्रिया जाणीवपूर्वक करण्याचा उपदेश आहे. सांधे आखडलेला मनुष्य जेव्हा सावकाश हात पसरतो आणि ते पसरणे जाणतो, तेव्हा तो कायानुपस्सनेच्या बाहेर गेलेला नसतो.

वेसालीचा प्रसंग

साधना साधकाला मानवली पाहिजे, ही गोष्ट किती गंभीर आहे हे संयुत्तनिकायातील वेसालीच्या प्रसंगावरून ध्यानात येते. विनयपिटकातही तो आलेला आहे. तथागतांनी भिक्खूंना अशुभभावनेचा, म्हणजे शरीराच्या किळसवाण्या बाजूच्या चिंतनाचा, उपदेश केला आणि ते पंधरा दिवस एकांतात राहिले. इकडे अनेक भिक्खूंना स्वतःच्या शरीराचा इतका उबग आला की त्यांनी जीवन संपविले. एकांतातून परतल्यावर संघ विरळ का दिसतो, असे तथागतांनी विचारले. आनंदाने घडले ते सांगितले व दुसरा मार्ग दाखविण्याची विनंती केली. तेव्हा तथागतांनी आनापानसती शिकविली. उन्हाळ्याच्या अखेरीस उडालेली धूळ अवकाळी पावसाच्या मोठ्या सरीने जशी तत्काळ खाली बसते, तशी ही साधना मनातील अकुशल विचार शमविते, असे तेथे म्हटले आहे.

या प्रसंगाचा अर्थ अशुभभावना त्याज्य आहे असा नव्हे. परंतु देहाकडे तिरस्काराने पाहणे हाच बौद्ध दृष्टिकोन आहे असे जे समजतात, त्यांनी हा प्रसंग अवश्य वाचावा. ज्या समाजाच्या शरीराला पिढ्यान्‌पिढ्या अपवित्र ठरविले गेले, त्या समाजातील उपासकाला स्वतःच्या देहाविषयी घृणा शिकविण्यापूर्वी शिकविणाऱ्याने दोनदा विचार केला पाहिजे. श्वास सर्वांचा सारखाच असतो. तेथून आरंभ करण्यात कोणाचाही अवमान नाही.

शांततेचा क्रम

मज्झिमनिकायातील आनापानसति सुत्तात सोळा पायऱ्या आहेत. त्यांपैकी पहिल्या चार कायेसंबंधी असून चौथी पायरी 'कायसंखार' शांत करण्याची आहे. चूळवेदल्ल सुत्तात धम्मदिन्ना भिक्खुणीने उपासक विसाखाला कायसंखार म्हणजे आश्वास-प्रश्वास, असा खुलासा केला आहे. कारण श्वासोच्छ्वास शरीराशी निगडित आहे. धावत आलेल्या माणसाचा श्वास जोराचा असतो आणि तो सावलीत विसावला की सूक्ष्म होतो. साधनेत श्वास बळाने रोखावयाचा नसतो. शरीर व चित्त निवत जातात तसतसा तोही आपोआप निवतो.

या निवण्याला 'पस्सद्धि' म्हणतात. सात बोज्झंगांत पस्सद्धि हे पाचवे अंग असून कायेची व चित्ताची असे तिचे दोन प्रकार सांगितले आहेत. प्रमोदातून प्रीती, प्रीतीतून पस्सद्धी, पस्सद्धीतून सुख आणि सुखातून समाधी, असा क्रम निकायांत अनेक ठिकाणी येतो. येथे समाधी सुखानंतर येते, हे महत्त्वाचे आहे. दात-ओठ खाऊन सोसलेल्या वेदनेतून समाधी लाभते, असा क्रम या मालिकेत नाही.

इसवी सनाच्या पाचव्या शतकात सिंहलद्वीपातील अनुराधपूरच्या महाविहारात आचार्य बुद्धघोषांनी विसुद्धिमग्ग रचला. धर्मानंद कोसंबी यांनी संपादिलेली त्याची देवनागरी आवृत्ती १९४० साली मुंबईच्या भारतीय विद्या भवनाने प्रसिद्ध केली. या ग्रंथात पस्सद्धी उत्पन्न होण्याची सात कारणे दिली आहेत. उत्तम आहार, सुखकर ऋतुमान आणि सुखकर इरियापथ ही त्यांतील पहिली तीन होत. याच ग्रंथात साधकाला मानवणाऱ्या, म्हणजे 'सप्पाय' अशा, सात गोष्टींची चर्चा आहे व त्यांत इरियापथाचा समावेश आहे. कोणाला चालणे मानवते, तर कोणाला उभे राहणे, बसणे वा पहुडणे; म्हणून प्रत्येक स्थितीची तीन-तीन दिवस परीक्षा करावी आणि जिच्यात विखुरलेले चित्त एकाग्र होते व एकाग्र झालेले अधिक स्थिर होते ती सप्पाय समजावी, असे आचार्य सांगतात. मागे सरकलेल्या त्या उपासिकांना एवढे एकच सांगितले असते, तरी त्या येईनाशा झाल्या नसत्या.

तथागतांची पाठ

सेख सुत्तातील प्रसंग येथे स्मरतो. कपिलवत्थूच्या शाक्यांनी नवे सभागृह बांधले होते. तेथे तथागतांनी रात्री बराच वेळ धम्मोपदेश केला. मग पाठ दुखत असल्याने आपण थोडे पहुडतो, असे सांगून त्यांनी पुढील उपदेशाचे काम आनंदाकडे सोपविले. संघाटीची चौपदरी घडी करून, उजव्या कुशीवर, पायावर पाय ठेवून, स्मृतिपूर्वक व पुन्हा उठण्याची जाणीव मनात ठेवून ते पहुडले. उपदेश संपताच त्यांनी उठून आनंदाची प्रशंसा केली. भरसभेत पाठीचे दुखणे सांगण्यात सम्यक्‌संबुद्धांना संकोच वाटला नाही.

त्याच आनंदाला अर्हत्पदाची प्राप्ती झाली ती राजगृहाच्या पहिल्या संगीतीच्या पहाटे. रात्रीचा बहुतेक काळ कायगतासतीत घालवून तो पहुडावयास गेला. पाय जमिनीवरून उचलले होते आणि मस्तक उशीला टेकले नव्हते, त्या क्षणी त्याचे चित्त मुक्त झाले, असे चुल्लवग्गात नमूद आहे. महाराष्ट्रातही भाजे येथील विहारांच्या खोल्यांत खडकातच कोरलेले शयनओटे आजही पाहता येतात. भिक्खूच्या विश्रांतीची सोय लेणे कोरतानाच केलेली होती.

आळसाची शंका

यावर एक रास्त आक्षेप घेतला जातो. विश्रांतीची मुभा दिली की साधक झोपी जाईल. धम्मात थीनमिद्ध हे नीवरण आहे आणि शय्यासुखात रमणे हे चित्ताच्या बंधनांपैकी एक मानले आहे, हे नाकारता येत नाही. परंतु निकायांनी याचे उत्तरही दिले आहे. अंगुत्तरनिकायात शय्येचे चार प्रकार सांगितले आहेत. प्रेते उताणी, कामभोगी डाव्या कुशीवर आणि सिंह उजव्या कुशीवर निजतो. तथागतांची शय्या म्हणजे चार ध्याने होत. सिंहशय्येचे वैशिष्ट्य केवळ कुशीत नसून स्मृती आणि उठण्याची जाणीव, म्हणजे 'उट्ठानसञ्ञा', यांत आहे.

शिवाय कोणत्या वेळी काय करावे, हेही ठरवून दिलेले आहे. संयुत्तनिकायातील अग्गि सुत्तानुसार चित्त मरगळलेले असता पस्सद्धीची भावना करणे म्हणजे विझत चाललेल्या विस्तवावर ओले गवत टाकणे होय. तेव्हा धम्मविचय, वीर्य व प्रीती यांची भावना करावी. चित्त उद्धत, सैरभैर झाले असता मात्र पस्सद्धी, समाधी व उपेक्षा यांचीच वेळ असते. राजगृहाच्या सीतवनात सोण कोळिविस भिक्खू पाय रक्तबंबाळ होईपर्यंत चंक्रमण करीत राहिला आणि निराश झाला. तेव्हा तथागतांनी त्याला वीणेच्या तारांचा दाखला देऊन वीर्य समतोल ठेवावयास सांगितले. आपल्या वर्गांना दिवसभर राबून, मनावर घरची काळजी घेऊन येणारी मंडळी बहुधा सोणाच्या बाजूची असतात.

विहारातील वर्गासाठी

वर्गाची आखणी कशी करावी, याचे सूत्र वितक्कसण्ठान सुत्तातील एका उपमेत सापडते. भरभर चालणाऱ्या माणसाच्या मनात येते, मी घाईने का चालतो? तो सावकाश चालू लागतो. मग उभा राहतो, मग बसतो, मग पहुडतो. अशा रीतीने तो स्थूल स्थितीकडून सूक्ष्म स्थितीकडे जातो. हाच क्रम वर्गात ठेवावा. आरंभी दहा मिनिटे सावकाश चालावे व तळपायांचा स्पर्श जाणावा. नंतर उभे राहून खांदे, मान, हात-पाय वेदना होणार नाही इतपत पसरावे व आखडावे. मग मांडीवर, खुर्चीवर किंवा भिंतीला टेकून, ज्याला जसे मानवेल तसे बसून श्वास जाणावा. शेवटी ज्यांना गरज असेल त्यांनी कुशीवर पहुडावे. खुर्ची मागच्या कोपऱ्यात न ठेवता सर्वांच्या रांगेत ठेवावी.

अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी १९७९ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात दीर्घ दुखण्यांच्या रुग्णांसाठी आठ आठवड्यांचा जो पाठ्यक्रम सुरू केला, त्यातही पहुडून अंगप्रत्यंगाची जाणीव घेणे, सौम्य योगासने व बैठे ध्यान यांची सांगड आहे. त्याची मुळे बहुतांशी बौद्ध साधनेत आहेत. मात्र एक मर्यादा सांगितली पाहिजे. ज्यांना श्वासाकडे लक्ष देताच घाबरल्यासारखे होते त्यांच्यावर त्याची सक्ती करू नये. त्यांना चालणे किंवा तळपायांचा स्पर्श द्यावा. तीव्र नैराश्यात वा जुन्या आघातात सापडलेल्यांना वैद्यकीय मदतीकडे पाठवावे. वेसालीचा धडा हाच आहे.

भग्ग देशातील नकुलपिता हा वृद्ध उपासक, शरीर जराजर्जर व सदा आजारी झाले असे सांगत तथागतांकडे आला होता. शरीर आजारी असले तरी चित्त आजारी होऊ देऊ नये, असा उपदेश त्याला मिळाला. प्रथम ताठ बसून दाखव, असे त्याला कोणी सांगितले नाही. पुढील वर्षावासात आपल्या विहारात एखादी उपासिका मागे सरकू लागली, तर वर्ग चालविणाऱ्याने उठून तिला खुर्ची द्यावी आणि चार इरियापथ समजावून सांगावेत.