विश्लेषण : आधारगृहातून बाहेर पडलेल्या महिलेचे पुढे काय? पुनर्वसनाची खरी कसोटी तिथेच का?

मारहाणीला कंटाळून घर सोडलेल्या, मानवी तस्करीतून सुटलेल्या किंवा निराधार झालेल्या महिलेला सरकारी योजनेतून निवारा मिळतो. तिथे जेवण, समुपदेशन आणि शिवणकामासारखे प्रशिक्षणही मिळते. मात्र हा निवारा तात्पुरता असतो. बाहेर पडताना कागदपत्रे, काम आणि खोली यांपैकी एक गोष्ट जरी नसेल, तरी ज्या घरातून ती निघाली तिथेच परतण्याची वेळ येऊ शकते.

सध्याची व्यवस्था काय आहे?

केंद्राच्या ‘मिशन शक्ती’चे ‘संबल’ आणि ‘सामर्थ्य’ असे दोन भाग आहेत. ‘संबल’ सुरक्षिततेसाठी आहे. १८१ ही हेल्पलाइन आणि ‘सखी’ वन स्टॉप सेंटर त्यात येतात. सेंटरमध्ये वैद्यकीय, पोलीस व कायदेशीर मदत, समुपदेशन आणि साधारण पाच दिवसांपर्यंत निवारा मिळतो. ‘सामर्थ्य’मध्ये ‘शक्ती सदन’ येते. पूर्वीच्या ‘स्वाधार गृह’ आणि ‘उज्ज्वला’ या योजना एकत्र करून ते तयार झाले. इथे जास्त काळ राहता येते, व्यवसाय प्रशिक्षण मिळते आणि महिलेच्या नावे बँक खाते उघडण्यास मदत होते.

कागदपत्रे इतकी महत्त्वाची का?

घाईत घर सोडलेल्या महिलेचे आधार कार्ड, रेशन कार्ड, शाळेचा दाखला बहुतेकदा सासरीच राहतात. आधार नाही म्हणून खाते नाही आणि खाते नाही म्हणून योजनेचे पैसे नाहीत, अशी साखळी तयार होते. कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५ च्या कलम १९ नुसार स्त्रीधन आणि हक्काच्या वस्तू परत देण्याचा आदेश न्यायदंडाधिकारी देऊ शकतात. देहविक्रय करणाऱ्या महिलांचा प्रश्न आणखी अवघड होता, कारण त्यांच्याकडे पत्त्याचा पुरावाच नसतो. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने यावर मार्ग काढला. ‘नॅको’चे राजपत्रित अधिकारी किंवा राज्य एड्स नियंत्रण संस्थेचे प्रकल्प संचालक यांच्या प्रमाणपत्रावर या महिलांना आधार द्यावे आणि त्यांची गोपनीयता जपावी, असे निर्देश न्यायालयाने दिले.

शिवणकाम शिकूनही काम का मिळत नाही?

साध्या पायमशीनवर शिकलेल्या महिलेला कपड्यांच्या कारखान्यात विजेच्या वेगवान मशीनवर बसावे लागते. तिथे दर तासाला ठरलेले नग काढायचे असतात. ब्लाउज शिवणे, फॉल-पिको हे घरगुती काम करायचे तर ओळखीची गिऱ्हाइके लागतात आणि नव्या वस्तीत आलेल्या महिलेकडे नेमकी तीच नसतात. मुले लहान असतील, तर कामाच्या वेळेत त्यांना कोण सांभाळणार, हाही प्रश्न असतो. म्हणजे कौशल्य असले, तरी ते विकण्याची सोय नसते.

यावर जुने आणि यशस्वी उत्तर मुंबईतच आहे. १९५९ मध्ये गिरगावात सात महिलांनी ८० रुपये उसने घेऊन ‘लिज्जत पापड’ सुरू केले. भिजवलेले पीठ केंद्रावरून न्यायचे, घरी पापड लाटायचे आणि परत आणून द्यायचे, अशी ही पद्धत. कच्चा माल आणि विक्रीची जबाबदारी संस्थेकडे राहिली, महिलेला गिऱ्हाईक शोधावे लागले नाही.

प्रशिक्षणाचे इतर पर्याय कोणते?

निरक्षर, नवसाक्षर आणि शाळा सुटलेल्यांसाठी ‘जन शिक्षण संस्थान’ आहे. बँकांच्या पुढाकाराने चालणाऱ्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थांत, म्हणजेच ‘आरसेटी’त, मोफत निवासी प्रशिक्षण मिळते. त्यानंतर दोन वर्षे पाठपुरावा करणे हा या पद्धतीचा भाग आहे. आधारगृहातील अभ्यासक्रमाला अशाच पाठपुराव्याची जोड हवी.

शिंपीकामाचा समावेश असलेल्या ‘पीएम विश्वकर्मा’ योजनेत अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदत आहे. पण अर्जदार त्या व्यवसायात आधीपासून असावा लागतो आणि एका कुटुंबातील एकालाच लाभ मिळतो. पती, पत्नी आणि अविवाहित मुले हे एक कुटुंब धरले जाते. त्यामुळे पतीने आधीच लाभ घेतला असेल, तर घटस्फोट न झालेल्या महिलेची अडचण होऊ शकते.

राहण्याचे काय?

नोकरी लागलेल्या महिलेसाठी ‘सखी निवास’ आहे. एका खाटेच्या खोलीचे भाडे तिच्या उत्पन्नाच्या १५ टक्क्यांहून, दोन खाटांच्या खोलीचे १० टक्क्यांहून आणि सामायिक खोलीचे साडेसात टक्क्यांहून अधिक घेता येत नाही. प्रशिक्षण घेणाऱ्या महिलांनाही क्षमतेच्या ३० टक्क्यांपर्यंत जागा देता येते. याशिवाय कौटुंबिक हिंसाचाराच्या प्रकरणात पतीने पर्यायी घर द्यावे किंवा भाडे भरावे, असा आदेश न्यायालय देऊ शकते.

पुनर्वसनाची सक्ती करता येते का?

सप्टेंबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने वसतिगृहात ठेवलेल्या तीन तरुणींची सुटका केली. सज्ञान महिलेला आपला व्यवसाय निवडण्याचा हक्क आहे आणि तिच्या इच्छेविरुद्ध तिला डांबून ठेवता येणार नाही, ही त्यामागची भूमिका होती. ‘तुला काय शिकायचे आहे?’ हा प्रश्न आधी विचारणे त्यामुळे गरजेचे ठरते.

यश कशावरून मोजायचे?

किती महिलांना प्रमाणपत्र मिळाले, हे मोजणे सोपे आहे. बाहेर पडून वर्षभरानंतर महिला कुठे राहते, खात्यात दरमहा स्वतःची कमाई जमा होते का आणि मुले शाळेत जातात का, हे मोजायला पाठपुरावा लागतो. पुनर्वसन झाले की नाही, हे मात्र या तीन उत्तरांवरूनच कळते.

मदत कुठे मिळेल?

महिला हेल्पलाइन १८१, तातडीच्या प्रसंगी ११२ आणि मोफत कायदेशीर मदतीसाठी १५१००. विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार महिलांना मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही.