पाट्यावरची चटणी हवीय? मग वाट!

आमची जुनी बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली तेव्हा घरातल्या सामानाचे दोन ढीग झाले होते. एक न्यायचा, एक टाकायचा. आईने पाटा-वरवंटा बिनधास्त टाकायच्या ढिगात सरकवला आणि मी जवळजवळ किंचाळलोच, ‘‘अगं, पाटा टाकतेस?’’

आई शांतपणे म्हणाली, ‘‘घेऊन चल की. पण वाटायचं तू.’’

बोलती बंद! कारण बत्तीस वर्षांत मी त्या पाट्यावर चिमूटभर मीठसुद्धा वाटलं नव्हतं. फक्त खाल्लं होतं. आणि ऑफिसमध्ये डबा उघडला की ‘मिक्सरच्या चटणीला ती चव नाही यार’ हे भाषण मात्र माझंच असायचं.

तुमच्याही लंच टेबलवर ही मॅच रंगत असणारच. एका टीमला चुलीवरची भाकरी, मातीच्या भांड्यातली आमटी आणि खलबत्त्यातला ठेचा हवा. दुसरी टीम एअर फ्रायर, कुकर आणि फ्रोझन पराठ्यांवर खूश. दोघांचंही खरं आहे बरं का! मिक्सरचं पातं जिन्नस कापतं, तर वरवंटा चेचतो, रगडतो. चेचताना खोबऱ्याचं तेल सुटतं, लसणाचा रस मसाल्यात मुरतो. शिवाय मिक्सर सलग फिरवला की भांडं गरम होतं आणि वास उडतो. म्हणून ठेचा मिक्सरमधून काढला की त्याची सरळ पेस्ट होते.

पण कुकरसमोर जुनं पातेलं हरतं. समुद्रसपाटीला उघड्या भांड्यातलं पाणी १०० अंशांच्या वर जात नाही, कुकरमध्ये ते सुमारे १२० पर्यंत पोचतं. म्हणून तूरडाळ काही शिट्ट्यांत मऊ होते. सकाळी ८.१२ची लोकल पकडणाऱ्याला ही केवढी मोठी गोष्ट आहे, हे वेगळं सांगायला नको.

आणि ‘पारंपरिक’ म्हणजे नक्की काय, हाही लोचाच आहे. उपवासाची साबुदाण्याची खिचडी घ्या. साबुदाणा ज्या कंदापासून बनतो तो, बटाटा, शेंगदाणा आणि मिरची, सगळी मंडळी मूळची अमेरिका खंडातली! पोर्तुगीज इथे येण्याआधी आपल्याकडे यातलं काहीच नव्हतं. ‘बटाटा’ हा शब्दसुद्धा त्यांचाच. कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ १९७० साली आलं, तेव्हा पुस्तकात बघून स्वयंपाक करणं हेच मुळात मॉडर्न होतं. आज तेच पुस्तक ‘आजीचं’ म्हणून जपलं जातं. सुमीतचा मिक्सर १९६०च्या दशकातला. म्हणजे तोही आता आजोबाच झाला की!

तर मुद्दा चवीचा आहेच, पण त्याहून जास्त मनगटाचा आहे. रोजचं वाटण, पुरणाच्या दिवशी किलोभर डाळ, तीही उकिडवं बसून. आईचा उजवा हात रात्री ठणकायचा आणि ती गुपचूप बाम चोळायची. ‘ती चव’ आम्हाला मिळत होती, बिल मात्र ती भरत होती. मिक्सर घरात आला तेव्हा बाबांनी नाक मुरडलं होतं. आईने चक्क हळदकुंकू वाहून त्याची पूजा केली होती.

शेवटी पाटा नव्या फ्लॅटमध्ये आला. मागच्या रविवारी मी वाटायला बसलो. ओली मिरची, लसूण, कोथिंबीर, ओलं खोबरं, मीठ. दहा मिनिटांत खांदे भरून आले, घामाची धार लागली, डोळ्यांत तिखट उडालं ते वेगळंच. चटणी झाली वाटीभर. आईने बोटावर घेऊन चाखली, क्षणभर डोळे मिटले.

‘‘मस्त झालीय रे. अगदी माझ्या आईची आठवण आली.’’

मी कॉलर ताठ करणार तेवढ्यात पुढचं वाक्य आलं, ‘‘मी मात्र आपली मिक्सरच वापरणार हं. तुझा रविवार पक्का!’’

तेव्हापासून लंच टेबलवरचं माझं भाषण बंद आहे. डबा मात्र जास्त लवकर संपतो.

दोन्हीकडचं बेस्ट

• चटणी मिक्सरमध्ये सलग फिरवू नका. थांबत थांबत, कमीत कमी पाण्यात वाटा.

• भाजलेलं खोबरं-कांदा पूर्ण गार झाल्यावरच मिक्सरला लावा.

• वरण-भात कुकरला, पण मोड आलेली मटकी कढईत झाकण ठेवून शिजवा, नाहीतर तिचा गाळ होतो.

• ठेच्यासाठी छोटा खलबत्ता पुरतो. एक जण ठेचेल, दुसऱ्याने भांडी घासायची. डील?