पाषाण आणि पाणी : लेखांक सहावा – लोणार

मागील लेखांकात वैनगंगेच्या काठी मार्कंड्याची देवळे पाहताना आपण जो वालुकाश्म न्याहाळला, त्याच दगडाची सवय डोळ्यांस जडलेला चांद्याचा (चंद्रपूरचा) प्रवासी वणी, यवतमाळ, वाशीम, रिसोड अशा मार्गाने पश्चिमेस निघाला म्हणजे सागाचे रान केव्हा मागे पडले हे त्यास कळत नाही. कळते ते एवढेच, की आता दुतर्फा कपाशीची आणि सोयाबीनची काळी जमीन आहे आणि जेथे विहीर खणलेली दिसते तेथे खालून काळा पाषाण निघालेला आहे. हा पाषाण म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरांवर थर साचून गोठलेला लाव्हारस. अशा सपाट मुलखात, बुलढाणा जिल्ह्यातील लोणार या तालुक्याच्या गावाला लागूनच, भूमी एकाएकी खचल्यासारखी होऊन सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे आणि काठापासून तळापर्यंत जवळजवळ १३७ मीटर खोलीचे वर्तुळाकार विवर समोर येते, व त्याच्या तळाशी हिरवट पाण्याचे सरोवर पसरलेले दिसते.

१८२३ साली अलेक्झांडर नामक ब्रिटिश अधिकाऱ्याने या स्थळाची नोंद केली, आणि तेव्हापासून हे विवर ज्वालामुखीचे असावे हा समज दीर्घकाळ टिकला. अमेरिकन भूवैज्ञानिक गिल्बर्ट यांनी १८९६ साली अॅरिझोनातील विवराशी लोणारचे साम्य दाखविले, पण दोन्हींचे कारण त्यांनी वाफेच्या स्फोटात शोधले. पुढे दोन्ही विवरे उल्कापाताची ठरली, हा योग मौजेचा खरा. लोणारचा निर्णायक पुरावा १९७३ साली प्रसिद्ध झाला. दगडातील फेल्डस्पार हे खनिज प्रचंड आघाताच्या दाबाने, न वितळताच, काचरूप होते. त्या काचेस मॅस्केलिनाइट म्हणतात, आणि ती येथील दगडांत सापडली. ज्वालामुखीच्या अंगी तेवढा दाब नसतो. शिवाय काठावरचे थर आतून उचलले जाऊन बाहेरच्या बाजूस कललेले आहेत, हे तर डोळ्यांनीही दिसते. वयाविषयी मात्र एकमत नाही : एक मापन सुमारे ५२ हजार वर्षे सांगते, तर २०११ साली प्रसिद्ध झालेले दुसरे सुमारे ५ लाख ७० हजार. चंद्रावरील काळसर मैदाने व मंगळाचा बराचसा पृष्ठभाग अशाच लाव्हाच्या पाषाणाचा असल्यामुळे तेथील विवरांच्या अभ्यासकांना लोणार मोलाचे वाटते.

एवढे विज्ञान उरकून बहुतेक मंडळी काठावर छायाचित्रे काढून परततात. माझ्या मते लोणारचा खरा उलगडा विवराने होत नाही, गोड्या पाण्याने होतो. आधी खाऱ्या पाण्याचे पाहू : सरोवरास निर्गम नाही. आत आलेले पाणी केवळ उन्हाने उडून जाते आणि क्षार मागे राहतात. ‘आईन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात लोणारचा उल्लेख आहे, त्यात या क्षारांचीही नोंद आहे : काच व साबण यांस लागणारे द्रव्य येथे निघे आणि सरकारास त्याचा महसूल मिळे. पण महसुलावर गाव वसत असले, तरी देवळे वसत नाहीत. विवराच्या काठातूनच गोड्या पाण्याचे झरे फुटले आहेत, आणि त्यांतील मुख्य धार गोमुखातून कुंडात पडते. तेथे यात्रेकरू स्नानास उतरतात, आणि जवळच देवळे उभी आहेत. खाली सरोवराच्या काठी कमळजादेवीचे देऊळ आहे आणि त्याजवळ सासू-सुनेची विहीर. तिचे एका बाजूचे पाणी गोड व दुसऱ्या बाजूचे खारे, असे लोक सांगतात. भूगर्भातले गोडे पाणी जेथे खाऱ्यास भेटते तेथेच ती खणलेली, तेव्हा यात चमत्कार फारसा नाही, नाव ठेवणाऱ्याचा मिस्किलपणा तेवढा आहे.

गावातील दैत्यसूदनाचे देऊळ मात्र सवडीने पाहावे. लवणासुराचा विष्णूने वध केला ही कथा येथे मूर्तिरूपाने उभी आहे : देव पायाखाली दैत्यास दाबून आहे. आजची मूर्ती नागपूरकर भोसल्यांनी दिली असे सांगतात. आमचा चांदाही त्याच भोसल्यांच्या अमलाखाली होता. देवळाचा आराखडा ताऱ्यासारखा कोनांनी मोडत गेलेला आहे, त्यामुळे बाहेरून प्रदक्षिणा घालताना भिंत सारखी पुढे येते, मागे सरते, आणि प्रत्येक कोनावर ऊन निराळे पडते. मार्कंड्याचा वालुकाश्म छिन्नीस वश होतो. येथला पाषाण कठीण, तरी त्याच्या कडा आजही करकरीत आहेत. दगड घडविण्यास जड गेला, पण घडल्यावर टिकला, आणि याबाबत मी लोणारच्या कारागिरास मार्कंड्याच्या कारागिरापेक्षा काकणभर अधिक मानतो, आमच्या जिल्ह्यातील मंडळींचा रोष पत्करूनही.

२०२० च्या जूनमध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा नाना तर्क निघाले. पाणी आटून क्षार वाढले, आणि क्षारप्रिय सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्याने हा रंग आला, असे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत दिसून आले. त्याच वर्षी नोव्हेंबरात हे सरोवर रामसर यादीत आले. संरक्षणासाठी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे अर्जही झालेले आहेत. परंतु जो झरा गावास जगवतो, त्याचेच पाणी प्रमाणाबाहेर आत उतरले तर खारेपणा कमी होऊन सरोवरातले दुर्मीळ जीव नष्ट होतील. तेव्हा बंदोबस्त करावयाचा तो सरोवराइतकाच झऱ्यांचा, आणि गावच्या सांडपाण्याचाही.