परभणीचा मतदार : ऐकीव आणि खरं

गैरसमज : परभणी हा शिवसेनेचा बालेकिल्ला, इथे दुसऱ्या कुणाचं काही चालत नाही.

वस्तुस्थिती : लोकसभेपुरतं म्हणाल तर बरंचसं खरं आहे. १९८९ मध्ये सेनेच्या पाठिंब्यावर अशोकराव देशमुख निवडून आले. तेव्हापासून सेनेला इथे एकदाच हार खावी लागली, १९९८ मध्ये, काँग्रेसच्या सुरेश वरपूडकरांकडून. पण त्याआधीचा इतिहास सांगायचं लोक विसरतात. १९५२ मध्ये, परभणी हैदराबाद राज्यात असताना, इथून शेतकरी कामगार पक्षाचे नारायणराव वाघमारे लोकसभेत गेले. १९७७ मध्ये पुन्हा शेकापचेच शेषराव देशमुख गेले. मधल्या काळात काँग्रेसचं राज्य होतं.

विधानसभेचं चित्र तर अगदीच वेगळं. २०१९ मध्ये जिल्ह्यातल्या चार जागांवर चार पक्ष निवडून आले: जिंतूरला भाजप, परभणीला शिवसेना, गंगाखेडला राष्ट्रीय समाज पक्ष (रासप) आणि पाथरीला काँग्रेस. २०२४ मध्येही चार जागा, चार पक्ष. फक्त पाथरीत काँग्रेसच्या जागी अजित पवारांची राष्ट्रवादी आली आणि परभणीची सेना ठाकरे गटाची होती. असला बालेकिल्ला कुणी पाहिलाय?

आणखी एक. सेनेच्या बळावर दिल्लीला गेलेले अशोकराव देशमुख, तुकाराम रेंगे, गणेशराव दुधगावकर पुढे एकेक करून पक्ष सोडून गेले. लोकांनी मात्र पक्षाने दर वेळी नवा माणूस उभा केला तरी त्यालाही निवडून दिलं. शिवसेनेतल्या २०२२ च्या फुटीत खासदार संजय जाधव आणि आमदार राहुल पाटील ठाकरेंसोबत राहिले, हा परभणीतला अपवादच म्हणायचा. निष्ठेची शिकवणी इथे नेत्यांनी मतदारांकडे लावायला हवी.

गैरसमज : इथली निवडणूक म्हणजे 'खान की बाण', बाकी मुद्दे नावाला.

वस्तुस्थिती : ही घोषणा, म्हणजे मुस्लिम उमेदवार की सेनेचा धनुष्यबाण, इथे वर्षानुवर्षं चालली, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण २०२४ च्या लोकसभेला बाण यंत्रावरच नव्हता. ठाकरेंच्या सेनेची मशाल होती आणि महायुतीतर्फे लढणाऱ्या रासपच्या महादेव जानकरांची शिट्टी. मशालीला ६,०१,३४३ मतं पडली, शिट्टीला ४,६७,२८२. मग निकाल मराठा विरुद्ध ओबीसी असा लागल्याची चर्चा सुरू झाली. तीही निम्मीच खरी, कारण याच मतदारसंघातल्या गंगाखेडने सात महिन्यांनी जानकरांच्याच पक्षाचे रत्नाकर गुट्टे पुन्हा निवडून दिले. एप्रिलमध्ये महाविकास आघाडीला १,३४,०६१ मतांची आघाडी देणाऱ्या मतदारसंघाचा मोठा भाग असलेल्या या जिल्ह्याने नोव्हेंबरमध्ये चारपैकी एकच जागा महाविकास आघाडीच्या पदरात टाकली. जात तीच, धर्म तोच, माणसंही तीच.

गैरसमज : टक्का वाढला की सत्ता पालटते, घटला की बसलेल्याचं फावतं.

वस्तुस्थिती : मतदानाच्या संध्याकाळी चहाच्या टपरीवर हे गणित हमखास मांडलं जातं. परभणीपुरतं तरी ते जुळत नाही. २०१४ मध्ये मतदान ६४ टक्क्यांच्या आसपास होतं, २०१९ मध्ये ६३ आणि २०२४ मध्ये ६२. टक्का जवळपास जागेवर, उमेदवारही तोच. संजय जाधवांचं मताधिक्य मात्र सव्वा लाखावरून ४२ हजारांवर आलं आणि पुन्हा १ लाख ३४ हजारांवर गेलं. २०१९ मध्ये वंचित बहुजन आघाडीच्या आलमगीर खान यांनी सुमारे दीड लाख मतं घेतली होती. मतं किती पडली यापेक्षा ती कशी वाटली गेली, तिथे उत्तर शोधावं.

गैरसमज : मराठवाडा मागास, म्हणून मतदानातही मागे.

वस्तुस्थिती : २०२४ च्या लोकसभेला परभणीत ६२.२६ टक्के मतदान झालं, पुण्यात ५३.५४ आणि दक्षिण मुंबईत जेमतेम ५०.

गैरसमज : जे मत देत नाहीत ते आळशी.

वस्तुस्थिती : काही असतीलही. पण टक्का काढतात तो यादीतल्या नावांवरून. यादीत मयत माणसं असतात, लग्न होऊन गेलेल्या मुली असतात, पुण्याच्या कारखान्यात कामाला लागलेली पोरं असतात. या जिल्ह्यातून दर दिवाळीनंतर ऊसतोडीची जोडपी बाहेर पडतात. २०२४ च्या विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला होतं, ऐन गळीत हंगामाच्या तोंडावर. टपाली मतदानाची सोय सैनिकांना आहे, निवडणुकीच्या कामावरच्या कर्मचाऱ्यांना आहे, ८५ वर्षांवरच्यांना आणि दिव्यांगांनाही आहे. फडात कोयता चालवणाऱ्या जोडप्याला ती नाही. त्यांना आळशी म्हणणाऱ्याने एकदा त्यांच्या कोपीवर राहून यावं.

गैरसमज : मतदार ओळखपत्र खिशात आहे, म्हणजे झालं.

वस्तुस्थिती : यादीत नाव नसेल तर ओळखपत्राचा उपयोग शून्य. उलट नाव असेल तर आधार किंवा पासपोर्टवरही मत देता येतं. नव्या नावासाठी अर्ज क्रमांक ६ भरायचा, पत्ता बदलला असेल तर ८. गावातल्या मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे (बीएलओ) दोन्ही अर्ज देता येतात. मतदानाच्या दिवशी केंद्रावर वाद घालण्यापेक्षा यादी आताच पाहून घ्या.