कापसाच्या चुकाऱ्यातून न कापलेला हप्ता

वणी आणि मारेगाव हे यवतमाळ जिल्ह्यातले शेजारचे तालुके. वणी परिसरात वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या खाणी आहेत. तिथल्या कामगाराच्या पगारातून भविष्य निर्वाह निधी कापला जातो, कंपनी आपला वाटा घालते आणि १९९८ च्या कोळसा खाण पेन्शन योजनेतून त्याला निवृत्तीनंतर दरमहा रक्कम मिळते. या पेन्शन फंडाची ओढाताण होऊ लागली तेव्हा कोल इंडियाने टनामागे १० रुपये घालायचे ठरवले. मारेगावचा कापूस, सोयाबीन, तूर पिकवणारा शेतकरी किंवा बाजारात शिवणयंत्र, पानटपरी चालवणारा माणूसही तितकीच वर्षे राबतो. त्याच्या क्विंटलमागे असा रुपया कोणी घातला नाही. त्याच्यासाठी पेन्शन योजना निघाल्या नाहीत असे मात्र नाही. गेल्या पंधरा-वीस वर्षांत त्या एकापाठोपाठ एक आल्या. पण स्वतःचा धंदा करणाऱ्याला बचतीची सवय नाही, ती लावून दिली की काम झाले, असे त्या बहुतेकांनी धरून चालले. खरी अडचण हप्ता केव्हा आणि कोणाच्या हातून कापायचा याची होती, आणि तिला फारसे कोणी हात घातला नाही.

असंघटितांच्या म्हातारपणाचा विचार करणाऱ्या दवे समितीचा अहवाल २००० मध्ये पूर्ण झाला. त्यातून निघालेली राष्ट्रीय पेन्शन योजना १ मे २००९ पासून सर्वांना खुली झाली. २०१० च्या ‘स्वावलंबन’मध्ये सरकार वर्षाला १००० रुपये घालत होते. २०१५ मध्ये अटल पेन्शन योजना आली. तिच्या खातेदारांची संख्या पुढे आठ कोटींवर गेली, पण बहुतेकांनी निवडली ती सर्वांत खालची, महिना १००० रुपयांची पेन्शन. २०१९ मध्ये श्रमयोगी, किसान आणि लघु व्यापारी अशा तीन मानधन योजना निघाल्या. वयानुसार ५५ ते २०० रुपये हप्ता, तितकीच रक्कम केंद्राची, साठीनंतर दरमहा ३००० रुपये. म्हणजे मालकाचा वाटा इथे सरकारने उचलला होता, हे मान्य केलेच पाहिजे. तरी किसान मानधनात देशभरातून शेतकरी आले ते सुमारे २३ लाख. मारेगावच्या कापूसवाल्याच्या हाती पैसा येतो तो दिवाळीपासून पुढचे चार-पाच महिने. जून-जुलैत बियाणे, खत आणि डवरणीच्या मजुरीने खाते रिकामे होते. ठरलेल्या तारखेला बँकेतून आपोआप वळती होणारा हप्ता हा पगारदाराच्या घराचा हिशेब आहे. शिवाय ३००० चा आकडा महागाईशी बांधलेला नाही. २०१९ मध्ये अठराव्या वर्षी नाव नोंदवलेल्याला पेन्शन २०६१ मध्ये सुरू होईल. तोवर महागाई ५ टक्क्यांनी वाढत राहिली, तर त्या तीन हजारांची किंमत नोंदणीच्या वेळच्या चारशे रुपयांइतकीही उरणार नाही. असे गणित ओळखून कोणी दूर राहिला, तर त्याला अडाणी कसे म्हणायचे?

महाराष्ट्राने यापेक्षा वेगळी वाट पूर्वीच काढली होती. १९६९ च्या माथाडी कायद्याने हमालांना एका मालकाशी न बांधता मंडळाकडे नोंदवले आणि जो माल उचलायला लावेल त्याच्याकडून मजुरीबरोबर लेव्ही घेतली. त्यातून हमालाचा भविष्य निर्वाह निधी उभा राहिला. १९७५ पासून राज्याने व्यवसाय कर लावला, तो रोजगार हमी योजनेसाठी. शहरातले नोकरदार, डॉक्टर, वकील, दुकानदार भरत होते आणि दुष्काळात खेड्यातल्या माणसाला काम मिळत होते. नाव तसे नसले तरी तो बेकारीचा विमाच होता. आणि १९७२ मध्ये सुरू झालेल्या कापूस एकाधिकार खरेदीत तर शेतकऱ्याच्या चुकाऱ्यातूनच भांडवल निर्मिती निधीसाठी कपात होत असे. म्हणजे विक्रीच्या वेळी कपात करण्याची यंत्रणा विदर्भात होती, पण तिच्यातून कोणाचे म्हातारपण बांधले गेले नाही. २००६ मध्ये यवतमाळसह सहा जिल्ह्यांसाठी पंतप्रधानांनी ३७५० कोटींचे पॅकेज जाहीर केले, तेव्हाही भर होता तो व्याजमाफी, सिंचन आणि बियाण्यांवर.

मग हमालांसारखीच लेव्ही कापसावरही घेऊन ती शेतकऱ्याच्या पेन्शन खात्यात का घालू नये? क्विंटलमागे खरेदीदाराकडून लेव्ही घेतली तर तो भाव पाडेल, हा पहिला आक्षेप. काही अंशी पाडेलही. पण भारतीय कापूस महामंडळ हमीभावाने घेते तिथे भाव पाडायला जागा नाही, आणि बाजार समितीचा सेस खरेदीदार आजही भरतोच. कापूस सीमेपलीकडे आदिलाबादला जाईल, ही भीती मात्र खरी आहे. एकाधिकाराच्या काळात तो जातच होता. म्हणून लेव्ही गावच्या काट्यावर न घेता जिनिंगमध्ये, आणि शेजारच्या राज्यांशी बोलून घ्यावी लागेल. ब्राझीलमध्ये शेतमालाच्या विक्रीवरच असा वाटा घेतात आणि खरेदीदार तो भरतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. हप्त्यांची खटपट कशाला, राज्य सरकार गरीब वृद्धांना देते त्या श्रावणबाळ योजनेचीच रक्कम वाढवा. भूमिहीन मजुराला चुकाराच नसतो, त्याच्यासाठी श्रावणबाळ हवेच, आणि वाढीव हवे. पण ते ६५ व्या वर्षी, वार्षिक २१ हजार उत्पन्नाच्या दाखल्यावर मिळते, आणि त्याचा आकडा सरकारच्या मर्जीवर हलतो. २०२३ मध्ये एक रुपयात मिळालेला पीकविमा २०२५ च्या खरिपात बंद झाला, हे शेतकऱ्याने पाहिले आहे. स्वतःच्या नावावर जमलेली रक्कम अशी एका शासन निर्णयाने काढून घेता येत नाही.

अशी लेव्ही निघालीच, तर तिचा पहिला पैसा तरुणांच्या खात्यात जाऊ नये. अटल आणि मानधन, दोन्हींचे दार चाळिशीला बंद होते. २०१९ मध्ये ४१ वर्षांचा असलेला मारेगावचा कापूस उत्पादक २०३८ मध्ये साठीला पोचेल, आणि श्रावणबाळासाठी त्याला तिथून आणखी पाच वर्षे थांबावे लागेल.