पाहुण्यांचा पैसा कुठे मुरतो?

माझे एक स्नेही निवृत्त झाल्यापासून गोल्फ खेळू लागले आहेत. नवा छंद आणि नवा जावई यांचे कौतुक ऐकून घ्यावेच लागते, तसे मी ते दोन वर्षे ऐकत आलो आहे. गेल्या मार्गशीर्षात आम्ही दोघे भंडारदऱ्याला गेलो. धरणाच्या भिंतीजवळ उभे राहून त्यांनी भोवतालच्या उतारांवरून नजर फिरवली आणि म्हणाले, "इथे अठरा होलचं मैदान झालं ना, तर अकोले तालुक्याचं नशीब उघडेल!"

नशिबाचीच गोष्ट निघाली, तेव्हा मी विचारले की गोल्फमुळे गावाला पैसा मिळतो तो नेमका कसा? त्यांचे उत्तर मला पटले. गोल्फ खेळणारा नुसता बघायला येत नाही. एका डावाला चार तास जातात, दुसऱ्या दिवशी शेजारचे दुसरे मैदान खुणावते. साहजिकच स्वारी तीन-चार रात्री मुक्काम ठोकते. मग खोली आली, जेवण आले, काठ्या वाहणारा कॅडी आला. मैदानाच्या तिकिटापेक्षा गावाला मुक्कामच जास्त पोसतो.

स्कॉटलंडमधले सेंट अँड्र्यूज हे या खेळाचे माहेरघर. तिथली मैदाने कुणा शेठजींची नाहीत. १९७४ साली पार्लमेंटच्या कायद्याने झालेला विश्वस्त निधी ती सांभाळतो. गावकऱ्यांना वर्षाचा पास स्वस्तात मिळतो, आणि रविवारी सर्वांत जुने मैदान खेळाला बंद ठेवतात. त्या दिवशी गावची माणसे कुत्री घेऊन तिथे फिरतात! आपल्या देशातही हा खेळ काही नवा नाही. कलकत्त्याचा क्लब १८२९ सालचा. पण आपल्याकडची बहुतेक मैदाने क्लबांची, नाहीतर लष्कराची. गावाने कुंपणाबाहेरून पाहावे.

शिवाय तिकडच्या गवताला आभाळ पाणी घालते. आमच्याकडे दिवाळी सरली की आभाळ हात झटकते. अठरा होलला शे-दीडशे एकर लागतात, आणि ते हिरवे ठेवायचे म्हणजे पाणी आले. आता भंडारदऱ्याला पाण्याची वाण नाही, असे कोणालाही वाटेल. प्रवरेवरचे हे धरण १९२६ साली पुरे झाले. त्याच्या पाण्यावर खाली संगमनेर, राहाता, श्रीरामपूरकडे ऊस उभा राहिला आणि आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना लोणीला, प्रवरानगरात निघाला. धरणाच्या वरच्या वाड्यांतल्या बायका मात्र चैत्र-वैशाखात हंडा घेऊन विहिरीच्या तळाशी उतरतात. पाण्याने उताराकडे जावे हा त्याचा धर्मच. त्याला बोल लावता येत नाही.

रात्री आम्ही बारी गावात एका महादेव कोळी कुटुंबाकडे उतरलो. बारी म्हणजे कळसूबाईचा पायथा. १६४६ मीटर उंचीचे हे महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर. इथे माणसांची वाण नाही. रात्री दोनच्या सुमारास बस आली. चाळीसएक तरुण-तरुणी कपाळाला दिवे बांधून वर निघाली. दुपारी खाली आली, लिंबूसरबत प्याली आणि बसमध्ये बसून गेली. त्यांची वर्गणी शहरातच आयोजकाकडे जमा झालेली होती. गावात उरले ते सरबताचे पैसे आणि वेफर्सच्या पिशव्या.

"रातच्याला येत्यात, पहाटं वर जात्यात, दुपारी गाडीत बसत्यात," घरातल्या आजीबाई म्हणाल्या. "गावचं नावबी इचारीत नाहीत काही काही."

मला हिशेब लिहायची जुनी खोड आहे. त्या रात्री चुलीजवळ बसून वही काढली. पेट्रोल पुण्यात भरलेले, न्याहारी नारायणगावला झालेली, पाण्याच्या बाटल्या आणि बिस्किटे संगमनेरला घेतलेली. बारीच्या वाट्याला दोन वेळची पिठलं-भाकरी, अंथरूण आणि वाटाड्याची मजुरी. आमच्या एकूण खर्चाचा पाव हिस्साही भरेना! आणि आम्ही तर मुक्कामाला राहिलेले, म्हणजे सज्जनांतले.

स्नेह्यांनी वहीत डोकावून पाहिले आणि मैदानाचा विषय काढला नाही. पण त्यांची मुक्कामाची गोष्ट खरी होती, म्हणून मी आजीबाईंना विचारले, की सगळेच राहू लागले तर? त्यांनी आधी बाहेरच्या हंड्यांकडे पाहिले. काजव्यांचे दिवस मे अखेरीपासून जोराचा पाऊस लागेपर्यंत. हिरडा, बेहडा, जांभूळ अशी झाडे तेव्हा रात्रभर लुकलुकतात आणि ती पाहायला मोटारींची रांग लागते. (काजवा चमकतो तो जोडीदाराला हाक घालायला, मोटारीच्या दिव्यांत ती हाक कोणाला दिसणार?) गर्दीचे दिवस नेमके तेच आणि विहीर आटण्याचेही तेच. पाहुण्याला आंघोळीला पाणी लागते. ते सूनबाईच्या डोक्यावरून येते.

"पैका नको म्हंत न्हाई मी," आजीबाई म्हणाल्या. "पर त्यो समदा शनवार-आयतवारचा. मधले पाच दीस रिकामं बसून पोट भरतंय व्हय?"

त्यांचा धाकटा मुलगा आम्हाला शिखरावर घेऊन गेला होता. लोखंडी शिड्यांवर स्नेह्यांना दम लागला, तेव्हा न सांगता त्याने त्यांची पिशवी स्वतःच्या खांद्याला अडकवली. भात निघाला की इकडची पोरे नारायणगावला मजुरांच्या बाजारात जाऊन उभी राहतात. हा दोन वर्षे शनिवारच्या पाहुण्यांच्या भरवशावर मागे राहिला होता. यंदा जायचे ठरवून बसला होता.

निघताना स्नेह्यांनी पैसे दिले, जरा घुटमळले आणि म्हणाले, "आजी, फाल्गुनात मी परत येतो. मंगळवारी येईन आणि चार रात्री राहीन. चालेल?"

"या की," आजीबाई म्हणाल्या. "पर आदी सांगावा धाडा. पोरगं नारायणगावला गेलं म्हंजी शिमग्याबिगर येत न्हाई."