ड्रमची पाणबुडी : बुडणं सोपं, वर येणं अवघड

मागच्या उन्हाळ्यात गडचिरोलीहून मावसभावाचा व्हिडिओ कॉल आला. अंगणात लोखंडी ड्रम, वेल्डिंग मशीन आणि पाईपचा तुकडा. म्हणे, "दादा, पाणबुडी बनवतो. मामा तलावात टेस्ट करू." मामा तलाव म्हणजे आपल्याकडचे जुने माजी मालगुजारी तलाव. कल्पना अगदीच हवेतली नव्हती. २००९ मध्ये चीनच्या ताओ शियांगली यांनी जुन्या तेलाच्या ड्रमपासून पाणबुडी बनवून बीजिंगजवळच्या तलावात चालवली होती. त्यामुळे "नको" म्हणण्याऐवजी मी म्हटलं, आधी हिशोब करू.

१. बुडायला किती वजन लागतं?

२०० लिटरचे दोन ड्रम जोडले, तर ते साधारण ४०० लिटर पाणी बाजूला सारतात. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. म्हणजे एकूण वजन ४०० किलो झाल्याशिवाय ते बुडणारच नाहीत. ड्रम ४० किलो, भाऊ ६० किलो. उरले ३०० किलो, म्हणजे सिमेंटच्या सहा गोण्यांएवढं वजन! ते बांधता येईल, पण वर येताना सोडणार कसं?

खऱ्या पाणबुडीत यासाठी बॅलास्ट टाकी असते. टाकीत पाणी घेतलं की पाणबुडी खाली जाते. दाबाखाली भरून ठेवलेली हवा सोडली की पाणी बाहेर ढकललं जातं आणि पाणबुडी वर येते. मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधलेली आयएनएस कलवरीही याच तत्त्वावर चालते.

२. झाकणावर किती भार येतो?

दर एक मीटर खोलीला प्रत्येक चौरस मीटरवर एक टन भार वाढतो. ड्रमचं झाकण साधारण पाव चौरस मीटरचं. फक्त दोन मीटर खोलीवर त्याच्यावर पाच क्विंटल भार! पाच क्विंटल धान दारावर रचून ठेवलंय आणि दार बाहेर ढकलून उघडायचंय, असं समजा. उघडेल?

शिवाय ड्रमची गोल बाजू दाब वाटून घेते, सपाट झाकण मात्र आत वाकतं. ते वाकलं की आकारमान घटतं, तरंगण्याची ताकद कमी होते आणि ड्रम आणखी वेगाने खाली जातो.

३. हवा किती वेळ पुरते?

इथेच बहुतेकांचा अंदाज चुकतो. ऑक्सिजन संपायच्या आधीच कार्बन डायऑक्साइड त्रास देतो. माणूस शांत बसला तरी तासाला साधारण १५ ते २० लिटर सोडतो. आत उरलेल्या ३४० लिटर हवेत अर्ध्या-पाऊण तासात त्याचं प्रमाण तीन टक्क्यांवर जातं. धाप लागते, डोकं दुखतं, पुढे विचारच नीट सुचत नाही. लांब, बारीक पाईपमधून हवा आपोआप बदलत नाही. आणि पाईपचं तोंड पाण्याखाली गेलं, तर पाणी थेट आत.

खिशात फोन आहेच की, असं वाटेल. पण मोबाईलच्या लहरी पाण्यातून जेमतेम जातात आणि भोवती लोखंड. कॉल लागणार नाही.

आता आपल्या देशाची 'मत्स्य ६०००' बघा. तीन माणसांना ६००० मीटर खोल नेण्यासाठी ती तयार होतेय. नेहमीची मोहीम १२ तासांची, पण अडचणीसाठी सोय ९६ तासांची! खर्च खाली जाण्यापेक्षा परत येण्यावर जास्त होतो, तो असा.

मग काय बनवायचं?

माणूस बाहेर ठेवा, कॅमेरा आत पाठवा. भावाने तेच केलं. चार इंची पीव्हीसी पाईप, बॅलास्टसाठी मोटरने ओढली जाणारी मोठी सिरिंज आणि स्वस्त कॅमेरा. वायफाय पाण्यात चालत नाही म्हणून लांब केबल. शिवाय ओढून काढायला मजबूत दोरी.

पहिल्याच दिवशी सील गळलं आणि मॉडेल तळाशी गेलं. आम्ही काठावर उभे राहून दोरी ओढली. कॅमेरा कामातून गेला होता. भाऊ बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "दादा, आत मी असतो तं?"

नवीन सील बसवलंय. प्रयोग चालू आहेत, पण आत कोणी बसत नाही.